कपात उरलेलं सूप

मापाडी हे नाव तिला घरच्यांनीच दिलं होतं. आहारशास्त्र शिकायला लागली त्या वर्षी तिनं ओट्यावर एक छोटा वजनकाटा आणून ठेवला, आणि तेव्हापासून तेलाची पळीसुद्धा काट्यावर चढल्याशिवाय कढईत उतरेना. दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, एकदा भुकेनं कावून म्हणाला, "आई, हिला कॉलेजात कशाला घातलंस? बाजारात मापाडी म्हणून बसवायची होतीस!" नाव तिथंच चिकटलं. तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं ते कॉलेजात नेलं, मग वर्गातही तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारेना. मापाडीला त्याचा राग नव्हता. उलट आतून बरंच वाटायचं.

तीच मैत्रीण आता तिची वहिनी होती.

त्यातही गंमत अशी की हे लग्न जमवलं मापाडीनंच. मैत्रीण अभ्यासाला घरी यायची, दादा उगाचच पाणी प्यायला स्वयंपाकघरात चकरा मारायचा. निरोप इकडून तिकडे नेले मापाडीनं, आईचं मन वळवलं मापाडीनं. आपली मैत्रीण कायमची आपल्या घरात येणार म्हणून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. लग्नानंतर आई म्हणाली, "आता चारचौघांत तरी तिला वहिनी म्हणत जा गं." आधी ती थट्टेनं म्हणायची, मग ते तोंडात बसलं.

आणि मग हळूहळू काहीतरी खुपायला लागलं.

सुरुवात अगदी क्षुल्लक गोष्टींनी झाली. आईला रक्तदाबाची गोळी होती. मिठाचं किती, कशात किती, हे ती आजवर मापाडीला विचारायची. आता स्वयंपाकघरातून हाक यायची ती, "सूनबाई, या खाऱ्या चकत्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय बघ गं." मापाडी शेजारीच बसलेली असायची. वहिनी पाकीट हातात घ्यायची, मागच्या बाजूचा तक्ता वाचायची आणि म्हणायची, "आई, हे एका चकतीचं मीठ आहे. तुम्ही काही एकीवर थांबत नाही, मला माहितेय!" आई लाजून हसायची. हेच मापाडीनं गेल्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हा आई म्हणाली होती, "तू माझ्या घासाघासावर पहारा ठेवतेस."

वर्गातही तेच. पहिली दोन वर्षं पहिला नंबर मापाडीचा होता. वहिनी पाचवी-सहावी असायची आणि तिला त्याचं सोयरसुतक नसायचं. शेवटच्या वर्षी मात्र पुस्तकाबाहेरची कामं सुरू झाली. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात, वॉर्डात, पेशंटच्या उशाशी. तिथं वहिनी फुलून आली.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून वहिनीनं एक सूप बसवलं. हाडं मोडून पडलेल्या म्हाताऱ्या पेशंटसाठी. या वयात भूक मरते, ताट तसंच परत जातं आणि अंगातली ताकद आणखी कमी होते. तर नेहमीचंच भोपळ्याचं सूप, पण त्यात दूध पावडर घालून प्रथिनं दुप्पट केलेलं. कप तेवढाच, चव जवळपास तीच. विभागप्रमुख मॅडमना कल्पना फार आवडली. वहिनीनं सूप द्यायचं आणि मापाडीनं कपात उरलेलं सूप वजन करून टिपायचं, अशी कामाची वाटणी झाली. "तुझ्या हातात काटा शोभतो," मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. मापाडीही हसली, पण सगळ्यांच्या नंतर.

पहिला खटका लेबलवरून उडाला. वहिनीनं कपावर लावायला एक चिठ्ठी तयार केली होती. हिरव्या अक्षरांत वर लिहिलेलं, 'भरपूर प्रथिने! लवकर बरे व्हा!' खाली आकडे. मॅडमनी ते वर्गात फिरवलं तेव्हा मापाडीचा हात आधीच वर होता.

"मॅडम, 'लवकर बरे व्हा' असं आपण लिहू शकत नाही. तसं सिद्ध झालेलं नाही. 'भरपूर' म्हणायलाही ठरावीक प्रमाण लागतं. आणि हे आकडे शंभर ग्रॅमचे आहेत. पेशंट पिणार कपभर. त्याला कपाचा आकडा हवा."

एकूण एक मुद्दा बरोबर होता. वहिनीनं चिठ्ठी परत घेतली, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "अगं बाई! मी तर शुभेच्छापत्रच छापलं की!" सगळे खदखदून हसले. मॅडमसुद्धा. "चूक अशी मोकळेपणानं मान्य करता आली पाहिजे," मॅडम म्हणाल्या. चूक दाखवणारीला कुणी काहीच म्हणालं नाही. मापाडीच्या अंगाचा तिळपापड झाला.

चिठ्ठी सुधारली. कपाचे आकडे आले, 'दूध आहे' हे ठळक आलं, शुभेच्छा गेल्या. ज्यांना दूध चालत नाही असे पेशंट आधीच वगळले होते, बाकीच्यांची संमती घेतली होती. काम सुरू झालं.

नेहमीचं सूप ट्रॉलीवाले मामा वाटायचे आणि वहिनीचं सूप वहिनी. कप परत आले की मापाडी वॉर्डामागच्या खोलीत बसून एकेक काट्यावर ठेवायची. मामांनी दिलेले कप अर्धेअधिक भरलेले यायचे. वहिनीचे कप चाटूनपुसून. रोज तेच. रोज मापाडी आपल्याच हातानं आपल्या वहिनीचं यश आकड्यात टिपत होती आणि रोज तिच्या पोटात दुखत होतं. काट्यावर कप ठेवताना ती मनात म्हणायची, आज तरी थोडं उरू दे. कप मात्र रिकामे.

मॅडम हरखल्या. शहरातल्या मोठ्या परिषदेत हे मांडायचं ठरलं. मांडणार वहिनी. घरी आईनं शेजारीपाजारी सांगून टाकलं. दादानं वहिनीसाठी नवी बॅग आणली. मापाडीची बॅग दोन वर्षं जुनी होती, हे तिला त्याच दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

मग वहिनीला ताप आला. दोन-तीन दिवस ती घरीच होती, म्हणून दोन्ही प्रकारचं सूप मामांनीच वाटलं. संध्याकाळी मापाडीनं कप काट्यावर ठेवले आणि तिचा हात थांबला. वहिनीच्या सुपाचे कपही अर्धे भरलेले होते. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिनं टिपण पुन्हा तपासलं, काटा पुन्हा शून्यावर आणला. मग तिला सगळं उलगडलं. पेशंट सूप जास्त पीत नव्हते. ते वहिनीच्या हातचं पीत होते. ती वाढते, बोलते, हसते, म्हणून कप रिकामा होतो. त्यात काय घातलंय याचा काही संबंधच नव्हता. दोन गोष्टी एकत्र बदलल्या होत्या, सूपही आणि वाढणारी व्यक्तीही. पहिल्या वर्षाच्या पोरीनंही ओळखावी अशी चूक, आणि मॅडमच्याही नजरेतून सुटलेली!

हे मॅडमना त्यांच्या खोलीत जाऊन शांतपणे सांगता आलं असतं. मापाडीनं ते वर्गात सांगितलं. वहिनी तापातून उठून पहिल्यांदा आली त्या दिवशी, सगळ्यांसमोर, फळ्यावर आकडे लिहून. सांगताना तिचा आवाज थरथरत होता, आणि तो भीतीनं थरथरत नव्हता.

"म्हणजे या सुपात काही दम नाही," तिनं शेवटी म्हटलं. "लोक सूप नाही, वहिनीला पितायत."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. या वेळी ती हसली नाही.

मॅडमनी फळ्यावरचे आकडे एकेक करून तपासले. "मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे, मी आधीच बघायला हवं होतं. पण काय गं, हे मला काल सांगता आलं नसतं?"

रात्री सगळे एकत्र जेवायला बसले. वहिनी लवकर उठून गेली. ती गेल्यावर आई हळू आवाजात म्हणाली, "तुला तिचं चांगलं झालेलं बघवत नाही."

"आई, आकडे चुकीचे होते."

"असतील. मी आकड्यांचं बोलत नाहीये."

मापाडीनं दादाकडे पाहिलं. तो ताटातल्या भाताशी चाळा करत होता. तिच्या बाजूनं तो बोलला नाही, विरुद्धही बोलला नाही. ते तिला जास्त लागलं.

मॅडमनी प्रयोग पुन्हा करायचा ठरवला आणि आखणी मापाडीलाच करायला सांगितली. तिनं ती जीव ओतून केली. कप एकसारखे, झाकणं एकसारखी. भोपळ्याच्या रंगात दुधाचा पांढरेपणा लपत होताच. लेबलवरचे आकडे काढून नुसता गोल किंवा त्रिकोण, आणि 'दूध आहे' हे दोन्हींवर, म्हणजे कुणाला अंदाज नको. कुठला आकार कुठल्या सुपाचा, हे फक्त सामान काढून देणाऱ्या कोठीघराच्या बाईंना माहीत. देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही. वाढायला मामा एकटेच असावेत, असं तिनं सुचवलं होतं.

मॅडमनी तिथं पेन टेकवलं. "नाही. वाढणाऱ्याचा फरक पडतो असं तूच दाखवलंस ना? मग तोही मोजू. अर्धे कप तुझी वहिनी देईल, अर्धे तू. कुणी कुणाला द्यायचे ते रोज चिठ्ठ्या टाकून ठरवा."

"मी? पण वजन?"

"वजन मामा करतील. तू वाढणार, मग काटा तुझ्या हाती कसा देऊ?"

तिनं मान डोलावली. काटा हातातून गेला याचं वाईट वाटलं, पण आत कुठेतरी उकळ्याही फुटत होत्या. सूप वाढणं ही काय मोठी विद्या आहे? सगळ्यांना कळेल की वहिनीच्या हातात काही जादूबिदू नाही.

वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. खुब्याचं हाड मोडलेलं, हात सतत कापणारे, जीभ मात्र कात्रीसारखी. मापाडी पहिल्या दिवशी कप घेऊन गेली तेव्हा त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"हा एप्रन कुणी शिवला?"

"विकत आणलाय, काका."

"खांद्यात ओढतोय. तुमच्या वहिनीबाईंचा बघा, कसा पडलाय. एकाच दुकानातला दिसतो, पण अंगावर बसायलाही नशीब लागतं."

मापाडीनं हसायचा प्रयत्न केला. "सूप संपवा हं, काका," म्हणून कप ठेवला आणि ती पुढच्या खाटेकडे वळली. सूचनेत लिहिलं होतं, कप टेबलावर ठेवावा, आग्रह करू नये. सूचना तिनंच लिहिली होती. तिनं ती अक्षर न अक्षर पाळली.

काम संपल्यावर मामांनी टिपणं दिली आणि मॅडमनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत टेबलावर रबरी भाज्यांची आणि वाट्यांची ती नेहमीची रास पडलेली होती, प्रमाण शिकवायला वापरतात ती. मॅडमनी एक रबरी बटाटा बाजूला सारला.

"दोन गोष्टी. पहिली, गोल आणि त्रिकोण यांत काही फरक नाही. दोन्ही सूप लोक सारखंच पितात."

मापाडीच्या छातीत आनंदाची एक कळ उठली. आलं बाहेर.

"आणि ही फार चांगली बातमी आहे," मॅडम वहिनीकडे वळून म्हणाल्या. "म्हणजे पावडर घातल्यानं कुणी तोंड वाकडं करत नाही. तेवढंच सूप पितात आणि प्रथिनं दुप्पट पोटात जातात. आधीच्या निकालापेक्षा हा निकाल मजबूत आहे. तुझं सूप टिकलं."

मापाडी खुर्चीत बसल्या बसल्या जणू एक पायरी खाली गेली. तिनं मोडायला घेतलेली गोष्ट तिनंच पक्की करून दिली होती.

"दुसरी गोष्ट," मॅडमचा आवाज जरा मऊ झाला, "वाढणारीनं फरक पडतो. हिच्या कपांत तळाला चमचाभर उरतं. तुझ्या कपांत साधारण तिसरा हिस्सा."

जगात किती नणंदा भावजयींवर जळत असतील, पण त्यांच्यातला फरक ग्रॅममध्ये कुणी काढून हातात दिला नसेल. आपण वहिनीपेक्षा किती कमी आवडतो, हे मापाडीला आता अचूक ठाऊक होतं. आणि मोजायची पद्धत तिचीच होती, तिला खोट काढता येत नव्हती.

त्यानंतर घरात ती बोलेनाशी झाली. वहिनीनं डबा भरून दिला तर "नको" म्हणायची. वहिनी खोलीत आली की ही उठायची. आई म्हणाली, "अगं, काय हे?" दादानं एकदा दारातून "मापाडी" अशी हाक मारली, तर ती अंगावर धावून गेली, "माझं ते नाव नाहीये!" दादा बिचारा गडबडून गेला. स्वतःशी ती सतत हिशेब मांडत होती. तिचा चेहरा गोड आहे म्हणून. ती लाघवी बोलते म्हणून. काही माणसं जन्मतःच आवडती असतात आणि काहींनी नुसतं बरोबर असायचं.

मॅडमच्या सांगण्यावरून वॉर्डात सूप देणं चालूच होतं. एक दिवस पाळी वहिनीची होती. मापाडी कपांचा खोका पोचवायला वर गेली आणि निघताना वॉर्डामागच्या खोलीच्या काचेपाशी थांबली. काय करते ही एवढं, ते बघावंच म्हणून. खरं सांगायचं तर ती चूक शोधायला थांबली होती.

वहिनी शिंपीकाकांच्या खाटेशी गेली. आधी कप ठेवलाच नाही. खाटेची कळ फिरवून त्यांची पाठ वर केली. टेबल ओढून अगदी पोटाजवळ आणलं. मग कपाच्या झाकणाचं टोक नखानं उचकटलं, झाकण सगळं सोलून काढलं आणि चमचा त्यांच्या बोटांत दिला. स्टूल ओढून बसली. सुपाबद्दल एक शब्द बोलली नाही. काका काहीतरी सांगत होते, कुणाच्या तरी कोटाच्या अस्तराबद्दल हातवारे करत, आणि मधे मधे आपसूक चमचा तोंडात जात होता. तिथून ती पुढच्या आजींकडे गेली. तिथंही तेच. टेबल, झाकण, चमचा.

मापाडी बघत राहिली. झाकण! ते पातळ चकचकीत झाकण कपाला इतकं घट्ट चिकटलेलं असायचं की तिला स्वतःला दोनदा ओढावं लागायचं. शिंपीकाकांच्या कापऱ्या बोटांना ते उघडणार कसं? आपण ठेवलेला कप त्यांच्यासमोर बंदच राहत असणार. कधी सिस्टर येऊन उघडत असतील, तोवर सूप गार. काही कप तर कुणी उघडलेच नसतील.

आणि लगेच दुसरा विचार आला, आणि तो सुखाचा होता. सूचनेत झाकण उघडायचं नव्हतं. वहिनीनं नियम मोडला होता. पुन्हा एकदा तिचा निकाल बाद!

जिन्याच्या वळणावर, जिथं रिकाम्या ट्रॉल्या लावून ठेवतात तिथं, तिनं वहिनीला गाठलं.

"तू झाकणं उघडून देतेस."

वहिनी थांबली. "हो."

"सूचनेत नाहीये ते."

"शिंपीकाकांना उघडत नाही ते. त्या आजींचा एक हात प्लास्टरमध्ये आहे. बंद कप ठेवून येऊ?"

"मग मला का सांगितलं नाहीस?" मापाडीचा आवाज चढला. "मला वाटत राहिलं की मीच... की लोकांना मी नको आहे. मॅडमनी तोंडावर सांगितलं, तेव्हा तू शेजारीच बसली होतीस! तेव्हा तरी बोलायचंस!"

वहिनी ट्रॉलीच्या दांड्याला धरून उभी राहिली. तिच्या जिभेवर नेहमी हजर असणारा विनोद आज आला नाही.

"सुरुवातीला मला वाटलं तूही उघडून देत असशील," ती शेवटी म्हणाली. "मग तुझे कप बघितले. काही तर बंदच परत आलेले. मला कळलं."

"कधी कळलं?"

"दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी."

"आणि?"

"आणि मला बरं वाटलं." वहिनीनं मान वर केली. डोळे भरले होते, पण नजर चुकवत नव्हती. "तू कायम पहिली. वर्गात तू, घरात तू. आई तुला रागावतात ना, तशा मला कधी रागावत नाहीत. मला 'सूनबाई, सूनबाई' करतात, पाहुणीसारखं. तू ताट ढकलून उठलीस तर तुझ्यामागे येतात. मी नीट जेवले नाही तर म्हणतात, असू दे, तिला सवय नसेल. तुझ्या घरात माझं एकच काम आहे, गोड वागणं. आणि वर तू सगळ्या वर्गासमोर म्हणालीस की लोक मला पितायत. मला वाटलं, एकदा तरी हिलाही कळू दे."

मापाडीच्या रागाला टेकायला जी भिंत होती तीच सरकली होती. आई हिला पाहुणी समजते? आणि आपल्याला वाटत होतं की आईच हिची झाली! एवढे दिवस दोघी एकमेकींच्या ताटाकडे बघत उपाशी बसल्या होत्या.

तरी तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "मॅडमना सांगावं लागेल."

"माहितेय," वहिनी म्हणाली. "तू सांगणारच."

"दोघींनी सांगू."

मॅडम संतापल्या. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. "एकीनं दिसत असून सांगितलं नाही. दुसरीनं सूचना लिहिताना पेशंटला हात असतात का, हेही बघितलं नाही. तुम्ही दोघी मिळून एक चांगली आहारतज्ज्ञ होता, पण मला दोन हव्यात!" सुपाचा निकाल उभा राहिला, कारण दोघींच्याही हातून दोन्ही सुपं गेली होती. वाढणारीचा निकाल मात्र खोडावा लागला. तेवढा भाग पुन्हा करायचा ठरला. या वेळी खाट वर करायची, टेबल जवळ आणायचं, झाकण काढायचं आणि चमचा हातात द्यायचा, हे दोघींनाही बंधनकारक.

मापाडी पुन्हा शिंपीकाकांकडे गेली. झाकण सोललं, चमचा दिला आणि स्टुलावर बसली.

"कोटाचं अस्तर आधी लावतात का नंतर?" तिनं विचारलं.

काकांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. "तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. विचारलं."

"असं अर्धवट कुणी विचारतं का? कुठला कोट, ते सांगा आधी." आणि मग ते सुरू झाले. एक घोट सूप, एक अस्तर. कप संपला तेव्हा मापाडीला कळलंही नाही. तिनं तो उचलून वाकवून पाहिला. तळाला थोडंसं उरलं होतं.

नवे आकडे आले. मापाडीच्या कपांत उरणारं सूप निम्म्याहूनही कमी झालं होतं. रुग्णालयानं कप पुरवणाऱ्याला लांब टोकाची, सहज निघणारी झाकणं द्यायला सांगितलं, आणि कप ठेवण्याआधी टेबल जवळ ओढायची सक्ती सगळ्या वॉर्डांत झाली. पण वहिनीच्या कपांत अजूनही तिच्यापेक्षा कमीच उरत होतं. झाकणं तीच, टेबल तेच, स्टूल तेच. तरी थोडा फरक होता, आणि तो काही केल्या जाईना.

परिषदेत मॅडमनी काम वाटून दिलं. सुपाचं वहिनीनं मांडायचं, झाकणांचं मापाडीनं. सभागृह थंडगार होतं, पुढच्या रांगेत मोठमोठ्या रुग्णालयांतले लोक बसलेले. वहिनीनं छान मांडलं. मापाडीनंही मांडलं, थोडं भरभर, पण कुठं अडखळली नाही. संपल्यावर एक वयस्क आहारतज्ज्ञ बाई माइककडे आल्या.

"काम आवडलं," त्या म्हणाल्या. "एकच विचारते. झाकण, टेबल, सगळं सारखं केल्यावरही दोन वाढणाऱ्यांत थोडा फरक उरतोय. तो कशाचा?"

प्रश्न मापाडीचा होता. तिच्याकडे उत्तरं होती. नमुना लहान होता. पेशंटना वहिनीची आधीपासून ओळख होती, तिचा परिणाम असू शकतो. दोन्ही खरी होती आणि दोन्ही तिनं सांगितली. मग ती थांबली. वहिनी शेजारच्या खुर्चीवर बसून एप्रनच नसलेल्या मांडीवर हात पुसत होती, घाबरली की ती तसं करायची.

"आणि एक शक्यता राहते," मापाडी म्हणाली. "ती माणसांशी माझ्यापेक्षा बरी वागते. ते कसं मोजायचं मला अजून कळलेलं नाही."

सभागृहात हशा उसळला, मग टाळ्या. सगळे वहिनीकडे बघत होते. वहिनी लाजली, तिनं मापाडीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की पुढच्या रांगेतल्या बाईंनाही हसू आवरेना.

मापाडीनं माइक खाली ठेवला. बोलली ते खरं होतं, आणि ते बोलल्याचं तिला बरंही वाटत होतं. तरी टाळ्या जिकडे वळल्या तिकडे बघताना आत तीच ओळखीची कळ उठली, थोडी बारीक, पण तीच.

परतीच्या बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. वहिनी दमली होती. "आईंना फोन कर ना," ती डोळे मिटून म्हणाली. "मी केला की नुसतं 'छान, छान' म्हणतात. तू केलास की सगळं खोदून विचारतील."

मापाडीनं फोन लावला. पलीकडून आईनं हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "जेवलात का? आणि तू तिला बोलू दिलंस ना गं नीट?"

"दिलं," मापाडी म्हणाली. "आता तूच तिला विचार. आणि आई, तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही. चांगली रागाव तिला."

तिनं फोन वहिनीच्या कानाला लावला. आईचा चढलेला आवाज तिलाही ऐकू येत होता. "उपाशी राहून भाषणं करतेस? अक्कल आहे का तुला? घरी ये, बघतेच तुझ्याकडे!" वहिनी "हो आई, चुकलं आई" करत होती, आणि ओठ दाबून हसत खिडकीकडे तोंड फिरवत होती.

मापाडी सीटला टेकली. सुपाचा भागही आपल्याला मांडायला मिळाला असता तर काय बिघडलं असतं, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. तिनं तो येऊ दिला. बस वळली आणि वहिनीचं डोकं, फोन कानाला तसाच, तिच्या खांद्यावर आलं. एप्रन जिथं ओढायचा नेमकं तिथं. तिनं खांदा थोडा खाली केला.